होडीचा वाटा

रात्रीचे साडेनऊ. विनेबाला वीज आहे, आज तरी.
टेबलावर एक्केचाळीस वह्या.
शिक्षणशास्त्र, तिसरं वर्ष. विषय: चिंतन.
(वेळापत्रकात चिंतन गुरुवारी, दोन ते चार.)

'पाठ छान झाला. उद्दिष्टं साध्य झाली.
मुलांनी उत्साहानं भाग घेतला.'
हे मी आज तेवीस वेळा वाचलं.
एकाऊनं तर तीन आठवडे
एकाच शाईत, एकाच बैठकीत उरकलेत;
अक्षर खाली खाली घसरत गेलंय.

मी रागावत नाही.
त्या वयात मीही हेच लिहायचे
आणि आमच्या बाईंना तेच हवं असायचं.

मग मान्सा ओतूची वही.
पहिली नोंद:
'भागाकार घेतला. चोपन्न मासे, सहा कोळी.
एबोनं नऊच्या जागी सहा लिहिला.
अंक उलटा काढतो. सराव हवा.'
खाली मी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'आणि?'
मला तरी कुठे काय माहीत होतं?
सवय आहे नुसती,
कोणी दार अर्धं लोटून गेलं
की आपण उठतोच, तशी.

दुसरी नोंद चिडकी.
'आणि काय? सहा चूक आहे. लाल खूण केली.
तो रडला नाही. वहीकडे बघत राहिला,
माझ्याकडे नाही.'
त्याखाली एक ओळ गिचमिड खोडलेली.
पान दिव्यासमोर धरलं की वाचता येते:
'मी विचारलं नाही.'

तिसरी, मंगळवारची.
मंगळवारी इथे समुद्रात कोणी जात नाही,
हे कुमासीत वाढलेल्या पोरीला कोण सांगणार?
जाळी शिवत बसलेले म्हातारे तिला हसले.
बुधवारी ती पुन्हा गेली,
शाळेच्या आधी, चपला हातात घेऊन.
तिचंच उतरवते:

'मासे आले. एबोचा मामा वाटे घालत होता.
सहा माणसांचे सहा.
मग एक होडीचा.
एक जाळ्याचा.
एक इंजिनाचा, त्यालाही पोट आहे म्हणे.
मी वाळूत बोटानं मोजले. नऊ.
चोपन्न भागिले नऊ.
बाई, मी तिथेच खाली बसले.'

पुढे अर्धं पान कोरं. मग:
'एबोला म्हटलं, सांगितलं का नाहीस?
म्हणाला, तुम्हाला होडी माहीत असेल असं वाटलं.'

त्याला वाटलं.
तिला वाटलं होतं, अंकच उलटा.
सगळा वर्ग असा ज्याच्या त्याच्या
वाटण्यावर चाललेला,
आणि घंटा मात्र वेळेवर होते.

माझ्यापुढच्या तक्त्यात एक रकाना आहे:
चिंतन, दहापैकी.
पेन टेकवते. उचलते.

केप कोस्टला, नोकरीच्या पहिल्या वर्षी
एक मुलगी होती माझ्या वर्गात.
'घरात माणसं किती?' विचारलं
की बुडालेल्या भावाला धरून आकडा सांगायची.
मी दर वेळी एक वजा करून
बेरीज दुरुस्त करून द्यायचे,
प्रेमानं, डोक्यावर हात ठेवून.
चांगली बेरीज शिकली ती.
तिचं नाव आठवत नाही.
कधी 'आणि?' म्हटलं नाही तिला.

रकाना राहू दे आज.

बाहेर कोणाचा तरी रेडिओ बंद झाला.
एकाऊची वही परत ओढते,
घसरत गेलेल्या अक्षरांवरून बोट फिरवते,
आणि समासात, अगदी बारीक:
'हात दुखला का रे?
कुठल्या ओळीपासून?'